हॅम्बर्गरचं जन्मगाव शोधायला निघताय? आधी कोणता हॅम्बर्गर ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा शिकागोत नोकरीला आहे, ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं अडीच आठवडे त्याच्याकडे जाताय आणि हॅम्बर्गरचा उगम शोधत फिरायचं बापलेकांनी ठरवलंय. जाताना जर्मनीत हॅम्बुर्गला उतरावं का, कनेक्टिकटमधलं न्यू हेवन, टेक्सस आणि विस्कॉन्सिन यांपैकी खरं जन्मस्थान कोणतं, आणि हे सगळं एका फेरीत बसेल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय वहिनी बीफ खात नाहीत, त्यांचं काय करायचं, ही काळजी आहेच.

मी मिडवेस्टमध्ये राहते आणि छोट्या गटांसाठी खाण्याच्या इतिहासाच्या सहली आखते. हा प्रश्न मला वरचेवर येतो. सगळं एका फेरीत बसणार नाही, ओढूनताणून बसवूही नका. अमेरिका नकाशावर दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे आणि यातल्या काही ठिकाणी चार तास गाडी हाकून एक फलक तेवढा बघायला मिळतो.

‘पहिला हॅम्बर्गर कुठे झाला’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण त्यात चार वेगळे प्रश्न एकत्र कोंबलेले असतात. खिम्याची चपटी वडी करून भाजणं हा एक शोध. ती पावात घालून, ताट-काट्याशिवाय, चालता चालता खाणं हा दुसरा. त्यासाठी खास गोल मऊ बन वापरणं तिसरा. आणि तोच पदार्थ शंभर ठिकाणी एकाच चवीचा, दोन मिनिटांत आणि स्वस्तात विकणं चौथा. या चौघांची जन्मगावं वेगवेगळी आहेत. पहिल्या दोनांची तर धड सांगताच येत नाहीत. भाकरीवर पिठलं घालून पहिल्यांदा कोणी खाल्लं याची नोंद कोण ठेवतं?

तरी दावेदारांची रांग मोठी आहे. विस्कॉन्सिनमधल्या सीमोरचे लोक म्हणतात, 1885 साली चार्ली नॅग्रीन नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा जत्रेत मांसाचे गोळे विकत होता. लोकांना ते हातात धरून हिंडता येईनात, म्हणून त्याने ते चपटे करून पावात घातले. त्याच 1885 साली ओहायोचे फ्रँक आणि चार्ल्स मेंचेस हे भाऊ न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्बर्ग गावच्या जत्रेत होते. डुकराचं सॉसेज संपलं म्हणून त्यांनी बीफचा खिमा वापरला, आणि चव यावी म्हणून त्यात कॉफी अन् ब्राउन शुगर घातली, असं त्यांचे वंशज सांगतात. टेक्ससच्या अथेन्स गावाचा दावा फ्लेचर डेव्हिस याच्या नावावर आहे. ओक्लाहोमातल्या टल्साचे लोक ऑस्कर बिल्बीचं नाव घेतात: 4 जुलै 1891, घरची मेजवानी, स्वतः घडवलेली लोखंडी जाळी आणि बायकोने भाजलेले यीस्टचे बन. न्यू हेवनच्या ‘लुईज लंच’चं म्हणणं, 1900 साली एक गिऱ्हाईक घाईत आलं आणि लुई लासेनने त्याला टोस्टमध्ये मांस घालून दिलं.

या सगळ्या गोष्टी एकाच साच्यातल्या आहेत. गर्दी, घाई, काहीतरी संपलेलं, आणि मग एका माणसाची अक्कल. मी या धंद्यात जे शिकले त्यात हे पहिलं आहे की पदार्थाच्या जन्माची गोष्ट इतकी नेटकी असली की ती पुढच्या पिढीने घडवलेली समजायची. यातला कुठलाही दावा त्या वर्षीच्या छापील कागदावर उभा नाही. सगळे नंतरच्या आठवणींवर उभे आहेत. अथेन्सचा दावा तर 1970 च्या दशकात डॅलसच्या फ्रँक टोल्बर्ट या स्तंभलेखकाने शोधाशोध केल्यावर सर्वदूर पोचला.

सरकारी शिक्क्यांवरही फार विसंबू नका. टल्साच्या बाजूने 1995 साली ओक्लाहोमाच्या गव्हर्नरने घोषणा केली, न्यू हेवनकडे लायब्ररी ऑफ काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाची, नोंद आहे. ही नोंद म्हणजे 2000 साली ग्रंथालयाच्या द्विशताब्दीनिमित्त खासदारांनी आपापल्या भागातल्या परंपरा सुचवल्या होत्या, त्यांतली एक. ग्रंथपालांनी खटला चालवून निकाल दिलेला नाही. गावाला पर्यटक हवे असतात, आमदाराला मतं हवी असतात. आपल्याकडेही याहून वेगळं नाही.

छापील पुरावा काय आहे? 1894 साली टेक्ससमधल्या शायनर गावच्या वृत्तपत्रात, जवळच्या मोल्टनमधल्या एका सलूनमध्ये (म्हणजे दारूच्या गुत्त्यात) हॅम्बर्गर स्टेक सँडविच रोज मिळतं, असं छापून आलंय. हा भाग जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांचा, अथेन्सपासून बराच दूर. आणि तुमच्या कामाचं म्हणजे जुलै 1896 चा शिकागो ट्रिब्यून. त्यात शहरातल्या सँडविचच्या गाड्यांचं वर्णन आहे: खिम्याच्या छोट्या वड्या तयार ठेवलेल्या, गिऱ्हाइकासमोर गॅसोलिनच्या शेगडीवर भाजून देतात, किंमत पाच सेंट. म्हणजे न्यू हेवनच्या त्या घाईतल्या गिऱ्हाइकाच्या चार वर्षं आधी शिकागोच्या रस्त्यावर हा पदार्थ सर्रास विकला जात होता. मुलाच्या घरापासून चालत जाल त्या रस्त्यांवर! माझं मत असं की 1880 ते 1895 च्या दरम्यान, जिथे जिथे जर्मन लोक, स्वस्त बीफ आणि घाईत जेवणारे कामगार एकत्र आले तिथे तिथे हे आपोआप घडलं. एक बाप शोधण्यात अर्थ नाही.

आता हॅम्बुर्ग. मंगोल घोडेस्वार खोगिराखाली मांस ठेवून मऊ करत आणि तिथून ते रशियामार्गे हॅम्बुर्गला आलं, ही गोष्ट तुम्ही वाचलीच असेल. ती सोडून द्या, पुरावा नाही. खरा धागा बंदराचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत पन्नास लाखांच्या आसपास माणसं याच बंदरातून देशांतर करून गेली, बरीचशी न्यूयॉर्कला. त्या शहराच्या नावाने ओळखला जाणारा खिम्याचा ‘हॅम्बुर्ग स्टेक’ 1880 च्या दशकातल्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकांत दिसतो. मात्र तो ताटात वाढायचा, सुरी-काट्याने खायचा पदार्थ होता. हॅम्बुर्गमध्ये आज तुम्हाला ‘रुंडश्टुक वार्म’ मिळेल: पावात भाजलेल्या मांसाचे काप, वर गरम रस्सा. चांगलं लागतं, पण खिमा नाही आणि हातात धरूनही खाता येत नाही.

तेव्हा हॅम्बुर्गला हॅम्बर्गरसाठी जाऊ नका. विमान तसंही जर्मनीमार्गे असेल आणि एक दिवस हाताशी असेल तर फेडेल भागातलं ‘बालिनश्टाट’ हे देशांतराचं संग्रहालय जरूर बघा. जहाज कंपनीचा प्रमुख आल्बर्ट बालिन याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रवाशांसाठी जिथे वसतिगृहं बांधली, त्याच जागेवर ते 2007 साली सुरू झालं. परदेशात मुलगा असलेल्या आईबापांना तिथे बर्गरपेक्षा वेगळंच काही भिडतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

लुईज लंचबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचंय. दावा पटत नसला तरी अख्ख्या यादीत डोळ्यांनी बघण्यासारखी सर्वांत जुनी गोष्ट तिथेच आहे. ओतीव लोखंडाचे उभे गॅस ब्रॉइलर, म्हणजे मांस भाजायच्या भट्ट्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, आजही रोज पेटतात. मांस तारेच्या जाळीत उभं अडकवतात आणि दोन्ही बाजूंनी एकदम आच लागते, चरबी खाली गळून जाते. बन नाही, टोस्ट. चीज, टोमॅटो, कांदा चालतो. केचप मागितलंत तर मिळणार नाही. ही इमारत 1975 साली पाडापाडीतून वाचवून दुसऱ्या रस्त्यावर हलवली. बन रुळण्याआधीचा बर्गर कसा असेल याचं इतकं चांगलं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. अडचण तुमच्या महिन्याची. हे लोक उन्हाळ्यात, नेमकी ऑगस्टमध्येच, मोठी सुट्टी घेतात. न्यूयॉर्कला जाणार असाल तर तिथून आगगाडीने दोनेक तास लागतात, पण आधी उघडं असल्याची खात्री करा. शिकागोहून मुद्दाम विमान करून या महिन्यात जाऊ नका.

उलट सीमोरला ऑगस्टच योग्य. तिथला ‘बर्गर फेस्ट’ 1989 पासून भरतो, साधारणपणे ऑगस्टच्या पूर्वार्धातल्या एका शनिवारी. पहिल्याच वर्षी त्यांनी 5,520 पौंडांचा, म्हणजे अडीच टनांचा बर्गर भाजला आणि 2001 साली 8,266 पौंडांचा. मिरवणूक निघते, मोठी माणसं केचपच्या घसरगुंडीवर घसरतात, चार्लीचा पुतळाही आहे. शिकागोहून गाडीने चारेक तास. ग्रीन बेच्या पश्चिमेला. चार्लीने खरंच शोध लावला का, याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. हॅम्बर्गर जत्रेत का वाढला हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. एका हातात मूल, दुसऱ्या हातात खाणं, बसायला जागा नाही. चार्ली 1951 साली वारेपर्यंत जत्रांमधून हेच विकत होता, तोंडाने गाणं म्हणत. राहायला गावात फार सोय नाही, ग्रीन बे किंवा ॲपलटनला खोली घ्या.

तिसरा आणि चौथा शोध मात्र कागदोपत्री पक्का आहे, आणि मला वाटतं तुमच्या सहलीचा खरा ऐवज तिथे आहे.

कॅन्सस राज्यातल्या विचिटात वॉल्टर अँडरसन 1916 पासून बर्गर विकत होता. मांसाचा गोळा तव्यावर टाकून कालथ्याने दाबायचा, सोबत कांदा, आणि पावाच्या स्लाइसऐवजी त्यासाठी खास केलेला बन. 1921 साली बिली इंग्रॅम या जमीन-विमा दलालाबरोबर त्याने ‘व्हाइट कॅसल’ सुरू केलं. त्या वेळी खिम्याला अमेरिकेत अजिबात पत नव्हती. शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण 1906 साली एका कादंबरीने चव्हाट्यावर आणली आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला, तरी खिम्यात काय दळलंय हे गिऱ्हाइकाला कुठे दिसतं? इंग्रॅमने यावर इलाज काढला तो डोळ्यांचा. पांढरी इमारत, चकचकीत पोलाद, स्वच्छ गणवेश, आणि तवा गिऱ्हाइकाच्या समोर. 1930 च्या सुमाराला त्याने मिनेसोटा विद्यापीठात एका प्रयोगाला पैसे दिले, ज्यात एक वैद्यकीय विद्यार्थी तेरा आठवडे व्हाइट कॅसलचे बर्गर आणि पाणी यांवरच राहिला! जाहिरातच होती ती, पण लोकांनी मानली. पुढे सगळ्या साखळी उपाहारगृहांनी जे केलं त्याची मांडणी इथे झाली.

गंमत अशी की विचिटात आज व्हाइट कॅसल नाही. कंपनीने 1938 मध्येच ते शहर सोडलं. त्यामुळे मी विचिटासाठी वेगळा दिवस देत नाही. त्याऐवजी शिकागोतच मिशिगन ॲव्हेन्यूवरचा जुना वॉटर टॉवर बघा. 1871 च्या आगीतून वाचलेल्या या बुरुजासारख्या इमारतीवरूनच व्हाइट कॅसलच्या इमारतींचा घाट घेतला होता. मग शहरातल्या कुठल्याही शाखेत जाऊन तो छोटा चौकोनी स्लाइडर खा. पॅटीला पाच भोकं असतात, ती कांद्याच्या थरावर ठेवून वाफेवर शिजवतात, उलटवत नाहीत. चवीला मी त्याला फार गुण देणार नाही, पण इतिहास म्हणून पैसे वसूल.

आता ज्या ठिकाणासाठी मी तुम्हाला शिकागोहून विमानात बसवेन ते म्हणजे एल रीनो, ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर, रूट 66 या जुन्या महामार्गावर. रेल्वेचं गाव. 1922 च्या रेल्वे कामगारांच्या संपात लोकांच्या हातात पैसा राहिला नाही आणि 1930 च्या दशकातल्या महामंदीत तर आणखी आटला, तेव्हा मांस महाग, कांदा स्वस्त, म्हणून कांदा घालून बर्गर वाढवला, असं गावात सांगतात. ही गोष्टही नेटकीच आहे हे मला कळतं. पण इथे निदान अर्थकारण जुळतं, आणि ‘रॉबर्ट्स ग्रिल’ हे 1926 चं इवलंसं दुकान अजून चालू आहे. शिवाय ‘सिड्स’ आणि ‘जॉनीज’ जवळच.

काउंटरवरच बसा, टेबल घेऊ नका. तव्यावर मांसाचा गोळा पडतो, त्यावर मूठभर, खरं तर दोन मुठी, कागदासारखा पातळ चिरलेला कांदा. मग कालथ्याने असा दामटतात की कांदा मांसात रुतून बसतो. उलटवलं की कांदा खाली, तव्याला लागून, मांसाच्या चरबीत परततो. कडा काळपट कुरकुरीत आणि आत गोड. वरून बनचे दोन अर्धे झाकतात, ते कांद्याच्या वाफेवर मऊ होतात. सॉसची गरजच उरत नाही. बाकीचे दावेदार वर्ष सांगतात. इथे तव्याकडे बघितलं की पदार्थ असा का झाला ते आपोआप समजतं. कांदा किती परतावा यावर घरात वाद घालणाऱ्या मराठी माणसाला तर हे दुकान सोडवत नाही. इथून टल्सा दोन-सव्वादोन तासांवर, तिथे बिल्बी कुटुंबाचं रूट बिअरचं (हे बिनदारूचं गोड पेय) छोटं दुकान आहे. वेळ असेल आणि ते उघडं असेल तर जा.

चौथ्या शोधाची दुसरी जागा, म्हणजे कॅलिफोर्नियातलं सान बर्नार्डिनो, तुमच्या वाटेत नाही. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांनी 1948 साली चालतं दुकान बंद ठेवून नव्याने मांडलं: गाडीपाशी ट्रे नेणाऱ्या मुली काढल्या, चिनी मातीच्या बशा काढल्या, पदार्थ मोजके नऊ ठेवले आणि बर्गर पंधरा सेंटला. स्वयंपाकघराचा आराखडा टेनिस कोर्टावर खडूने आखून, नोकरांना त्यात हालचाली करायला लावून त्यांनी कोण कुठे उभा राहणार ते ठरवलं. त्या जागेवर आज एक खाजगी संग्रहालय आहे. मूळ इमारत नाही. 1953 ची जुनी शाखा बघायची तर लॉस एंजेलिसजवळ डाउनीला जावं लागतं. शिकागोजवळ डेस प्लेन्सला, मॅकडोनल्ड्सची साखळी देशभर पसरवणाऱ्या रे क्रॉकने 1955 साली आपली पहिली शाखा उघडली खरी, पण तिथली संग्रहालयाची इमारतही पाडली. रिकाम्या जागेसाठी सकाळ घालवू नका.

आता वहिनींबद्दल, कारण यात लोक फसतात. ‘व्हेज पॅटी आहे’ एवढ्यावर थांबू नका. ती कुठल्या तव्यावर भाजतात ते विचारा. एल रीनोच्या दुकानांत तवा एकच, त्यावर दिवसभर बीफची चरबी. ग्रिल्ड चीज सँडविचसुद्धा त्याच तव्यावर होतं. व्हाइट कॅसलमध्ये वनस्पतीजन्य पॅटीचा स्लाइडर मिळतो, तिथेही हाच प्रश्न विचारायचा. अमेरिकेतल्या मॅकडोनल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफचा स्वाद असतो, हे अनेकांना माहीत नसतं. 1990 साली कंपनीने जनावराची चरबी सोडून वनस्पती तेल घेतल्याचं जाहीर केलं, पण स्वाद राहिला. त्यावरून 2001 साली खटला झाला, तेव्हा ठाण्यातही आंदोलन झालं, आणि 2002 साली कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलरची तडजोड केली. भारतातल्या फ्राइजची गोष्ट वेगळी. तिथे 1996 साली दिल्लीतली पहिली शाखा उघडली तीच मुळी बीफ न ठेवता. तेव्हा घरी खाल्ले म्हणून अमेरिकेतही खायचे, असं करू नका.

वहिनींना स्पर्श-विटाळाचं वावडं नसेल आणि फक्त मांस नको असेल तर त्यांचं उत्तम निभेल: सीमोरच्या जत्रेत भाजलेली कणसं, विस्कॉन्सिनचे तळलेले चीज कर्ड्स, फ्रोझन कस्टर्ड. तवासुद्धा वेगळा हवा असेल तर एल रीनोच्या दिवशी डबा सोबत ठेवा आणि संध्याकाळचं जेवण ओक्लाहोमा सिटीत करा, तिथे आशियाई खाणावळी भरपूर आहेत. तुम्हा दोघांसाठीही एक सूचना: कुठे ‘कसं भाजू’ विचारलं तर पूर्ण शिजवलेला मागा. अख्ख्या तुकड्यात जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून तिथलं कृषी खातं खिम्यासाठी आतून 71 अंश सेल्सियस सांगतं.

मी तुमच्या जागी असते तर असं करते: पहिले काही दिवस शिकागोत, जेट लॅग उतरेपर्यंत, वॉटर टॉवर आणि स्लाइडर. फेस्टच्या शनिवारी सीमोर, शुक्रवारी रात्रीच ग्रीन बे गाठून. पुढच्या आठवड्यात विमानाने ओक्लाहोमा सिटी, तिथून भाड्याच्या गाडीने एल रीनो आणि जमलं तर टल्सा; तीन दिवस पुरे. हॅम्बुर्ग वाटेत पडलं तरच. न्यू हेवन, अथेन्स आणि कॅलिफोर्निया पुढच्या खेपेला.

यात एकच गोष्ट तारखेला बांधलेली आहे, ती म्हणजे बर्गर फेस्ट. त्या वर्षीची तारीख आयोजकांकडून पक्की करा, ग्रीन बेची खोली लगेच घ्या, आणि तुम्ही शिकागोत कोणत्या दिवशी उतरताय ते इथे लिहा. त्यावरून ओक्लाहोमा आधी की नंतर, ते सांगते.